लोंबीचं चित्र

(रेडिओवरील भाषणाचं संपादित रूप)

आज मला चित्रांविषयी बोलायचं आहे आणि रेडिओवर चित्र दाखवता येत नाही, ही पहिली अडचण. पण मोबाइल आता घरोघरी आहे. त्यावर नखाएवढी पिवळी तोंडं, हृदयं, फुलं, अंगठे आपण सगळेच पाठवत असतो. त्यांना इमोजी म्हणतात. मी नाव घेईन तसं ते चित्र डोळ्यांपुढे आणा, म्हणजे झालं.

मी कासार आंबोलीला राहते. पुण्याहून चांदणी चौक ओलांडून पौड रस्त्याला लागलं की भूगाव, भुकूम, पिरंगुट आणि मग आमचं गाव. हा सगळा पट्टा भाताचा. मुळशीचा आंबेमोहोर प्रसिद्धच आहे. मी सून म्हणून इथे आले तेव्हा कुणाच्या घरी आंबेमोहोर शिजतोय हे रस्त्यावरून चालताना कळायचं. मग कारखाने आले, जमिनी विकल्या गेल्या, गृहसंकुलं उभी राहिली. तरी मधूनमधून खाचरं टिकून आहेत. याच परिसरातल्या एका माध्यमिक शाळेत मी मराठी शिकवते. माझ्या वर्गात एका बाकावर खाचरातून आलेला मुलगा असतो आणि त्याच्या शेजारी सातव्या मजल्यावरून आलेला. मोबाइल दोघांच्याही घरी असतो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. नववीच्या वर्गाचा व्हॉट्सअॅपवर एक गट होता. गृहपाठ, वेळापत्रक, सुट्टीची सूचना असं काहीबाही त्यावर यायचं. नंबर पालकांचे, पण वापरणारी मुलंच. मीही त्या गटात होते. वर्गात एक शांत मुलगा होता. अक्षर सुरेख, हात कधी वर करायचा नाही, पण विचारलं तर उत्तर बरोबर. जुलैत लावणीसाठी तो चार दिवस घरी राहिला. आमच्याकडे हे नवीन नाही. माणसं मिळत नाहीत, मजुरी परवडत नाही, मग घरातली पोरं चिखलात उतरतात. पाचव्या दिवशी तो शाळेत आला.

त्यानंतर गटावर मला एक बदल दिसला. त्यानं काहीही लिहिलं, अगदी 'मॅडम, उद्या प्रकल्पवही आणायची का?' एवढंच, तरी त्याच्या संदेशाखाली भाताच्या लोंबीचं चित्र उमटायचं. कधी चार जणांनी टाकलेलं, कधी नऊ जणांनी. व्हॉट्सअॅपवर २०२२ पासून कुणाच्याही संदेशाला असं चित्र चिकटवता येतं, एक अक्षरही लिहावं लागत नाही. मला वाटलं, वा! शहरातल्या पोरांनाही भातशेतीचं कौतुक वाटायला लागलं. एके दिवशी त्यानं निबंधाबद्दल काही विचारलं, तेव्हा मीही मोठ्या हौसेनं त्याखाली एक लोंबी टाकली.

दुसऱ्या दिवशी तो गटातून बाहेर पडला. त्यानंतर शाळेत येईना. आठवड्यानं त्याची आई आली. म्हणाली, "मॅडम, पोटात दुखतं म्हणतो. डॉक्टरला दाखवलं, काही नाही निघालं. शाळेचं नाव काढलं की दुखतं."

मला काही उमगेना. मधल्या सुट्टीत एक मुलगी माझ्या टेबलापाशी घुटमळत होती. मी विचारलं तेव्हा तिनं सांगितलं. लावणीनंतर तो शाळेत आला तेव्हा त्याच्या नखांत चिखल होता. कुणीतरी त्याच्या हाताचा फोटो काढला आणि मुलांच्या दुसऱ्या गटावर टाकला. त्या गटात अर्थातच मी नव्हते. तिथे त्याचं नाव 'चिखल्या' पडलं. शाळेच्या गटावर ते लिहिता येत नाही, मॅडम बघतात. म्हणून मग लोंबी. लोंबी म्हणजे चिखल्या. एवढं सांगून ती मुलगी थोडं थांबली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "मॅडम, तुम्ही पण टाकलीत ना."

श्रोतेहो, वीस वर्षं भाषा शिकवणाऱ्या बाईला नववीतल्या मुलीनं दिलेला हा धडा आहे. तो मी अजून गिरवते आहे.

इमोजी हा शब्द इंग्रजी 'इमोशन'वरून आला असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही, शब्द जपानी आहे. 'ए' म्हणजे चित्र आणि 'मोजी' म्हणजे अक्षर. १९९९ साली जपानच्या डोकोमो या मोबाइल कंपनीसाठी शिगेताका कुरिता यांनी १७६ चिमुकली चित्रं तयार केली. त्यांच्याआधीही तिथे एका कंपनीनं असा प्रयत्न केला होता, पण गाजली ती ही. २०१० मध्ये जगभरच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड या व्यवस्थेत ही चित्रं दाखल झाली. म्हणजे आपला 'क' जसा प्रत्येक फोनवर 'क'च उमटतो, तसं हसरं तोंडही उमटायला लागलं. आज अशी साडेतीन हजारांहून जास्त चित्रं आहेत. इतिहास इतकाच पुरे.

गंमत अशी की युनिकोड चित्राला क्रमांक देतं, नाव देतं, अर्थ मात्र देत नाही. अर्थ वापरणारे ठरवतात. 'क'ला तरी कुठे अर्थ असतो?

एक सोपं उदाहरण घ्या. दोरीवर फडकणारा नव्हे, काठीला लावलेला तो त्रिकोणी लाल झेंडा. आपल्याकडे शिवजयंतीला, गडावरच्या फोटोखाली, 'जय शिवराय'च्या पुढे तो हमखास असतो. रंग लालसर असला तरी आपण तो भगवाच समजतो. पण इंग्रजी बोलणाऱ्या तरुण जगात तोच झेंडा धोक्याची खूण आहे. एखाद्या माणसात काही खटकणारं दिसलं, याच्यापासून जपून राहा असं सुचवायचं असलं की तो टाकतात. २०२१ मध्ये तर त्याची साथच आली होती. आता पिरंगुटच्या दहावीतल्या मुलाच्या मोबाइलवर हे दोन्ही झेंडे एकाच चित्रात राहतात. काकांनी पाठवलेल्या संदेशात तो भगवा, आणि मैत्रिणीनं कुणा मुलाच्या नावापुढे टाकला तर सावधानतेचा इशारा. मुलगा एका क्षणात ओळखतो. आपण ओळखत नाही.

बकऱ्याचंही तसंच. माझ्या ओळखीच्या एका आजोबांनी नातवाच्या मोबाइलवर धोनीच्या फोटोखाली बकऱ्याचं चित्र पाहिलं आणि ते भडकले. ज्यानं विश्वचषक जिंकून दिला त्याला बकरा म्हणता? नातवाला हसू आवरेना. 'ग्रेटेस्ट ऑफ ऑल टाइम', म्हणजे आजवरचा सर्वश्रेष्ठ, या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं जोडली की 'गोट' होतं, म्हणून बकरा. आपल्या भाषेत बकरा करतात तो फसलेल्याचा, त्यांच्या भाषेत तो शिखरावर बसलेला. निळ्या टोपीचं मात्र मला नवल वाटलं नाही. अमेरिकी मुलांच्या बोलीत 'कॅप' म्हणजे थाप, म्हणून संदेशाखाली टोपी टाकली की 'थापा मारू नकोस'. टोपी घालणं आपल्यालाही ठाऊक आहेच की.

कवटी पाहून आयांच्या काळजाचा ठोका चुकतो. बहुतेक वेळा तिचा अर्थ 'हसून हसून मेलो' एवढाच असतो. धाय मोकलून रडणारं तोंडही पुष्कळदा हसण्यासाठीच वापरतात. उलट डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारं जे तोंड आपण रोज पाठवतो, ज्याला ऑक्सफर्ड शब्दकोशानं २०१५ सालचा 'शब्द' म्हणून निवडलं होतं, ते मुलांच्या लेखी म्हाताऱ्यांचं झालं आहे. आणि ओठ जरासे वाकवलेलं ते सभ्य, मंद स्मित? ते तर सर्वांत विषारी. 'हो का? बरं' असं दात आवळून म्हणावं तसं.

जोडलेले हात घ्या. आपण नमस्कारासाठी, आभारासाठी, श्रद्धांजलीसाठी वापरतो. माझी भाची तेच हात 'आता पुरे, सुटका कर' या अर्थी टाकते. तिला वाटतं ही तिच्या पिढीची करामत. मी तिला म्हटलं, याला मराठीत कोपरापासून नमस्कार म्हणतात, आणि तो तुझ्या पणजीलाही येत होता. फरक एवढाच की पणजीचा चेहरा समोर असायचा, आवाज कानावर पडायचा, त्यामुळे कुठला नमस्कार पायाचा आणि कुठला कोपराचा हे कळायचं. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात.

हे केवळ पिढीचं अंतर आहे असंही नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये लोकांना नुसती इमोजी दाखवून भाव चांगला, वाईट की मधला असं विचारलं होतं. तेच चित्र पाहूनही सुमारे २५ टक्के वेळा माणसांचं यावर एकमत होईना. म्हणजे चार वेळांतून एकदा आनंद की राग इथपासूनच मतभेद.

हा मतभेद आता कोर्टापर्यंत गेला आहे. अंगठ्याचीच गोष्ट पाहा. कॅनडात एका धान्यखरेदीदारानं शेतकऱ्याला जवसाच्या सौद्याच्या कराराचा फोटो मोबाइलवर पाठवला. शेतकऱ्यानं उत्तरादाखल वर केलेला अंगठा टाकला. माल काही दिला नाही. त्याचं म्हणणं, अंगठा म्हणजे 'करार मिळाला', 'मान्य आहे' असं नव्हे. २०२३ मध्ये कोर्टानं तो अंगठा सहीसारखा धरला आणि सुमारे ८२ हजार कॅनडियन डॉलरची भरपाई द्यायला लावली. आपल्याकडे रेल्वे सुरक्षा दलातल्या एका जवानानं वरिष्ठाच्या हत्येच्या संदेशाखाली असाच अंगठा टाकला. हत्येचा आनंद व्यक्त केला असं धरून त्याला नोकरीवरून काढलं. २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठानं सांगितलं की अंगठा म्हणजे 'ओके', संदेश पाहिल्याची पोच. त्याला परत घेण्याचा निकाल कायम राहिला. एकच अंगठा, एकीकडे सही आणि दुसरीकडे नुसती पोच. दोन्ही ठिकाणी न्यायाधीशांनी चित्राचा अर्थ चित्रात शोधला नाही. कुणी, कुणाला, कशाच्या उत्तरात पाठवलं, हे पाहिलं.

आता पुन्हा आमच्या त्या मुलाकडे येते. शनिवारी शाळा सुटल्यावर मी त्याच्या घरी गेले. तो बाहेर आला नाही. ओट्यावर त्याचे आजोबा बसले होते. चहा झाला. मी त्यांना काय घडलं ते सांगायला लागले, पण मोबाइलवरच्या चित्राचा वेगळा अर्थ असतो हे त्यांना कसं समजावावं याचा मला प्रश्न पडला होता. प्रश्न माझाच होता, त्यांना पडला नाही. त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला, माझ्या हातावर टाकला आणि खालून माझी दोन बोटं दाबली. म्हणाले, "सांगा किती?"

ते पूर्वी चाकणच्या जनावरांच्या बाजारात बैल घ्यायला-विकायला जात. तिथे व्यापारी पंचाखाली बोटं धरून भाव करायचे, आजूबाजूच्याला पत्ता लागायचा नाही. शेतमालाच्या बाजारातही हे चाले, त्याला हत्ता पद्धत म्हणत. मी म्हटलं, "दोन." ते हसले. "दोन काय? दोनशे, दोन हजार, का वीस हजार? म्हातारा बैल असंल तर एक, खोंड असंल तर दुसरं. समोर कोण हाय आन काय इकतोय, त्याच्यावर. बोटाला काय कळतंय?"

त्यांच्या या शेवटच्या वाक्यापुढे माझं सगळं भाषाशास्त्र फिकं पडलं.

खरं तर लपवून बोलणं आपल्याला काही नवं नाही. महानुभाव पंथानं आपले ग्रंथ सकळ लिपी, सुंदरी लिपी अशा सांकेतिक लिप्यांत शतकानुशतकं जपले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांसारख्या संशोधकांनी उलगडा करेपर्यंत बाहेरच्याला त्यांचा अर्थ लागत नव्हता. नेत्रपल्लवी, करपल्लवी हे शब्द आपल्याच भाषेतले. आणि 'च'ची भाषा? 'मला भूक लागली'चं 'चलाम चूकभ चागलील' करून आपण आईसमोर बोलत होतो. आईला कळत नाही या आनंदात निम्मी मजा असे. आईला बहुधा कळतही असे. असो.

मुलांना स्वतःचा असा एक कोपरा हवा असतो. तेरा-चौदाव्या वर्षी तर तो हवाच. त्यामुळे लपवाछपवी दिसली की काहीतरी वाईटच चाललं आहे असं धरून चालू नये. कधी कधी ती लपवाछपवी धीटपणाचीही असते. भाताच्याच चित्राची दुसरी गोष्ट सांगते. २०१८ मध्ये चीनमधल्या मुली लैंगिक छळाविरुद्ध 'मी टू' म्हणत होत्या आणि तिथली यंत्रणा ते शब्द पुसून टाकत होती. चिनी भाषेत तांदळाला 'मी' म्हणतात आणि सशाला 'तू'. मुलींनी भाताची वाटी आणि ससा ही दोन चित्रं शेजारीशेजारी टाकायला सुरुवात केली. एका देशात भात आवाज उठवायला वापरला, आमच्या नववीत एकाचा आवाज बंद करायला.

मार्च २०२५ मध्ये नेटफ्लिक्सवर 'अॅडोलसेन्स' नावाची ब्रिटिश मालिका आली. तेरा वर्षांच्या मुलावर वर्गमैत्रिणीच्या खुनाचा आरोप असतो. तिनं त्याच्या फोटोखाली टाकलेली चित्रं पाहून पोलिसांना वाटतं, दोघांचं चांगलं जमत होतं. तपास करणाऱ्या अधिकाऱ्याचा मुलगा त्याच शाळेत असतो. शेवटी तोच बापाला बाजूला घेऊन सांगतो की बाबा, ही मैत्री नाही, ही टिंगल आहे. त्यात लाल गोळी आहे, शंभरचा आकडा आहे, हृदयाच्या रंगांचे वेगवेगळे अर्थ आहेत. मालिकेतली गोष्ट कल्पित आहे, पण पोलिसाच्या त्या चेहऱ्यात मला माझा चेहरा दिसला. मीही तपास करत नव्हते, इतकाच फरक.

त्या मालिकेनंतर आमच्या पालकांच्या गटावर याद्या फिरायला लागल्या. कोणत्या चित्राचा कोणता 'गुप्त' अर्थ. काही नोंदी खऱ्याही आहेत. मक्याचं कणीस इंग्रजीत 'कॉर्न', ते अश्लील चित्रफितींच्या इंग्रजी शब्दाशी जुळतं, म्हणून त्याजागी वापरतात. वांगं आणि पीच यांचे अर्थ मी रेडिओवर सांगत नाही, समजून घ्या. विजेचा प्लग म्हणजे नशेचा माल पुरवणारा, असंही काही ठिकाणी चालतं. अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी विभागानं २०२१ मध्ये अशा चित्रांचा एक तक्ताच काढला होता. पण त्याच तक्त्यात त्यांनी बजावलं होतं की नुसत्या चित्रावरून कुणी गुन्हा करतंय असं समजू नका. वागणं बदललं आहे का, हातात एकदम पैसा आला आहे का, हेही पाहा. आमच्या गटावर यादी पोचली, सूचना पोचली नाही. एका पालकांनी मुलीच्या मोबाइलवर कणीस पाहून तिला मारलं. ती लोणावळ्याच्या सहलीचे फोटो पाठवत होती. भुशी डॅमवर मक्याचं कणीस खाल्लं होतं तिनं.

आणि दुसरं म्हणजे, कुठल्याही यादीत लोंबी नव्हती. ती असूही शकत नाही. तो अर्थ जगात फक्त आमच्या नववीत होता, तोही जुलैपासून सप्टेंबरपर्यंत. मुलांच्या अशा खुणा दुधासारख्या नासतात. मोठ्यांना कळलं की टाकून दिल्या, दुसऱ्या घेतल्या. म्हणून मोबाइल हिसकावून, खूण पाठ करून हाती फार काही लागत नाही.

मग पाहायचं काय? मला माझ्या चुकीवरून जे उमगलं ते सांगते. चित्र कुठलं यापेक्षा ते कसं येतंय हे पाहावं. सगळ्यांच्या संदेशाखाली वेगवेगळी चित्रं आणि एकाच्याच संदेशाखाली दर वेळी तेच एक चित्र, तेही कितीतरी जणांकडून, असं मला समोर दिसत होतं. मराठी वाचता येणाऱ्या कुणालाही हे खटकायला हवं होतं. शब्दांत असं घडलं असतं, एकाच मुलाच्या प्रत्येक वाक्यानंतर नऊ जण एकच शब्द ओरडले असते, तर मी ताडकन उठले असते. चित्र होतं, गोड होतं, म्हणून फसले. मग तो मुलगा लिहीनासा झाला, गटातून गेला, पोट दुखायला लागलं. या तीन गोष्टी वेगवेगळ्या तीन माणसांना दिसल्या. वर्गातल्या मुलांना पहिली, मला दुसरी, आईला तिसरी. एकत्र कुणालाच नाही.

आणि विचारायचं असेल तर 'कुणी पाठवलं?' असं विचारू नये. त्यानं मूल फितूर ठरतं. 'हे तुमच्यात कशासाठी टाकतात गं?' असं विचारावं, आपल्याला खरंच माहीत नसल्यासारखं. तसं आपल्याला माहीत नसतंच. शिकवायला मुलांना आवडतं. पण प्रकरण धमकीचं, पैशाचं, नको त्या फोटोंचं असेल तर मात्र असं कोडं सोडवत बसू नका. त्या संदेशांचे फोटो काढून ठेवा आणि १९३० या सायबर मदत क्रमांकावर किंवा मुलांसाठीच्या १०९८ वर फोन करा. मूल जगण्याला कंटाळल्यासारखं बोलत असेल, आणि ते चित्रातूनही बोलतं, तर टेलिमानसचा क्रमांक १४४१६ आहे. फोन फुकट आहे, दिवसरात्र लागतो आणि मराठीत बोलता येतं.

वर्गात मी कुणाला शिक्षा केली नाही. लोंबी टाकणाऱ्यांची नावं माझ्याकडे होती, कारण कुणी काय चिकटवलं ते दिसतंच. त्यांत गृहसंकुलातली मुलं होती तशी दोन मुलं अशीही होती ज्यांच्या घरी अजून भात लावतात. त्यांच्याही नखांत तोच चिखल होता. त्यातल्या एकाला मी एकटं बोलावून विचारलं. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "नसती टाकली तर मला पण टाकली असती." याच्यावर काय बोलावं, मला सुचलं नाही.

पुढच्या आठवड्यात एक तास मी पाठ्यपुस्तक उघडलंच नाही. मुलांना म्हटलं, फळ्यावर चित्रं काढा आणि अर्थ लिहा. नावं कुणाची घ्यायची नाहीत. पहिली दहा मिनिटं कुणी हलेना. मग फळा भरला. मुलींनी लिहिलेले काही अर्थ मुलांना माहीत नव्हते आणि मुलांचे मुलींना. एका कोपऱ्यात कुणीतरी छत्री काढली होती. अर्थ लिहायला कुणी तयार होईना, सगळे हसत होते. शेवटी कळलं, छत्री म्हणजे मी. पावसाळ्यात मी मोठी काळी छत्री घेऊन येते म्हणून. छत्री आली की गटावरच्या गप्पा बंद. लोंबी कुणीच काढली नाही. तास संपत आला तेव्हा मीच खडू घेतला आणि ती काढली. चित्रकला माझी बेताची, ती झाडूसारखी दिसत होती. पण वर्ग एकदम शांत झाला. मी फक्त सांगितलं की ही मीही टाकली होती, अर्थ न कळता, आणि ज्याच्यासाठी टाकली त्याला मी घरी जाऊन सॉरी म्हणून आले आहे. हे खरं होतं. त्यानं त्या दिवशी दाराआडून ऐकलं होतं.

तो दिवाळीनंतर परत आला. एकदम सगळं सुरळीत झालं असं म्हणणार नाही. त्या दुसऱ्या गटात तो गेला नाही तो गेलाच नाही. ज्या मुलीनं मला सांगितलं, ती महिनाभर एकटीच डबा खात होती. तो आल्यावर दोघं एकाच बाकावर बसून डबा खायला लागली, आणि त्यावरूनही दोन-चार चित्रं फिरलीच असणार.

यंदा तो अकरावीत आहे. मधूनमधून मला मेसेज करतो. परवा त्यानं शेताचा फोटो पाठवला, भात पोटरीला आला होता. मी सवयीनं अंगठा टाकला. लगेच त्याचं उत्तर आलं : "मॅडम, अंगठा नका टाकत जाऊ, रागावल्यासारखं वाटतं." आता मी त्याला 'छान' असं अक्षरांत लिहिते.